नदीपल्याडच्या गोधड्या

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, कॅम्डेनच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो. अटलांटाहून आम्ही पहाटेच निघालो होतो. वाटेत सेल्माच्या पुलावर थांबलो, काळ्यांच्या मतदान हक्काच्या लढ्यातला तो प्रसिद्ध पूल, पण त्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय. मला गाठायचं होतं अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेलं एक छोटं गाव. नकाशावर त्याचं नाव बॉयकिन, लोकांच्या तोंडी जीज बेंड.

फेरीबोट आता बॅटरीवर चालते. आवाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाणी ऐकू येतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथले काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला फेरीने याच धक्क्यावर उतरून तालुक्याच्या गावी, कॅम्डेनला, जाऊ लागले आणि १९६२ मध्ये फेरी बंद केली गेली. मग कॅम्डेनला जायचं तर रस्त्याने सुमारे ४० मैलांचा वळसा. गाड्या कितीजणांकडे होत्या? तरीही लोक गेले. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग या गावात येऊन गेले. आणि फेरी? ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. ४४ वर्षांनी. बोटीत मी हा आकडा नवऱ्याला दोनदा सांगितला, कारण काठ इतका जवळ होता.

गावात बाजारपेठ अशी नाहीच. विरळ घरं, मोकळी शेतं, पाइनची झाडं आणि रस्त्याकडेला गोधड्यांच्या चित्रांचे मोठे फलक. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने इथल्या दहा गोधड्यांवर तिकिटं काढली, तीच ही चित्रं. निम्म्याहून जास्त ठिकाणी आडनाव एकच दिसतं, पेटवे. १८४५ च्या सुमारास इथला मळा घेणाऱ्या मालकाचं हे नाव. त्याने आपले गुलाम नॉर्थ कॅरोलायनाहून पायी चालवत इथे आणले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी पुढे हीच जमीन कसली, कर्जात बुडाली, १९३२ मध्ये सावकाराच्या विधवेने अवजारं, जनावरं, दाणागोटा सगळं उचलून नेलं तेव्हा उपाशी राहिली. त्या घरांमधून वारा यायचा. म्हणून गोधड्या.

बायका एकत्र बसून शिवतात त्या जागी आम्ही गेलो. पहिलीच गोधडी डेनिमची होती, शेतातल्या पँटींची. गुडघ्याचं ठिगळ उसवून काढलेलं, त्यामुळे बाकीचं कापड उन्हाने पांढुरकं आणि तेवढा चौकोन गर्द निळा. खिसा निघाला तिथेही तसाच निळा डाग. कुणाचा तरी गुडघा, कुणाचा तरी खिसा. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली होती, त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावं म्हणून. ती आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात या गोधड्या पहिल्यांदा भिंतीवर लागल्या, पुढे न्यूयॉर्कला गेल्या. समीक्षकांना चित्रकार मातीस आठवला, चित्रकार क्ले आठवला. कौतुक मनापासूनचं असेल, पण मला ते खटकतं. या बायकांनी मातीस पाहिलेला नव्हता. आणि त्याआधी कित्येक वर्षं त्यांच्या गोधड्यांतली तिरकी रेघ बघून लोकांनी काय म्हटलं असेल, तर गरीब, अडाणी बाई, हाताला येईल ती चिंधी जोडते, सरळ शिवता येत नाही.

सरळ शिवता येत होतं. १९६६ मध्ये या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ पासून तिला सिअर्स कंपनीचं काम मिळालं, कॉरडरॉयच्या उशांचे अभ्रे. शेकडो नग, एका मापाचे. उरलेल्या पट्ट्या त्या घरी नेत आणि रात्री त्याच हातांनी तिरकं शिवत. ‘हाउसटॉप’ या नमुन्यातली चौकटीतली चौकट आत आत जाताना मुद्दाम एका बाजूला सरकवायची, निळ्यात अचानक एक केशरी पट्टी टाकायची. त्याला त्यांचा शब्द आहे ‘माय वे’. माझ्या पद्धतीनं. गरिबाला गरज असते, आवड नसते, हा समज या एका पट्टीपाशी मोडतो.

आपल्या शेजारीही हे आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज, उत्तर कर्नाटकातले सिद्दी, जुन्या लुगड्यांच्या अशाच ठळक रंगांच्या गोधड्या शिवतात. कोपऱ्यांवर कापडाची फुलं लावल्याशिवाय त्यांची गोधडी पुरी होत नाही. यल्लापूर, हल्याळ आपल्यापासून किती लांब? मी अलाबामात पोचले, तिथे अजून गेलेले नाही.

खिडकीजवळ एक सत्तरीपुढच्या बाई टाके घालत होत्या. मी त्यांना फोनमधला माझ्या आजीच्या गोधडीचा फोटो दाखवला. लहानपणी मी तिला चिंध्यांचं गाठोडं म्हणायचे, मैत्रिणी आल्या की लपवायचे. आजीने ते ऐकलेलं होतं. त्या बाईंनी चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. रंगांकडे बघितलंच नाही, धावदोऱ्यावरून नजर फिरवत गेल्या. कडेचे टाके बारीक, एकसारखे. मधे वीतभर पट्ट्यात ते लांब लांब पडलेत. तिथे बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे ती फार दमलेली होती.”

ती गोधडी बहात्तरच्या दुष्काळातली. आजी दिवसभर खडी फोडायला जायची आणि रात्री कंदिलाशी शिवायला बसायची.