गुलमर्गला जाताय? तंगमर्ग दुपारी १२ च्या आत ओलांडा

सांगायचं ते आधीच सांगते. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. त्यातले शेवटचे १३, म्हणजे तंगमर्गहून वर चढणारा घाट, तेवढेच अवघड आहेत. बाकीचा प्रवास कुणीही करेल. त्या १३ किलोमीटरांबद्दल आम्हाला कुणी धड सांगितलं नाही, म्हणून लिहायला बसले.

फेब्रुवारीत लग्नाला १० वर्षं झाली. मुलगी झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. तिला डोंबिवलीला आईकडे ठेवलं. आईने आनंदाने ठेवून घेतलं, पण काश्मीर म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात डोंबिवलीचे तिघे गेले. त्या गावात राहणाऱ्या आईला काय वाटत असेल ते मला कळतं. दिवसातून तीनदा फोन करायचा, या बोलीवर तिने सोडलं.

आणि पहिला घोळ फोनचाच झाला. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. श्रीनगरला उतरल्यापासून नवऱ्याचा फोन बंद. माझं पोस्टपेड होतं म्हणून निभावलं. दोघांपैकी एकाचं तरी निघायच्या आधी पोस्टपेड करून घ्या.

शुक्रवारी पहाटे साडेतीनला ठाण्यातून निघालो, अकराच्या सुमारास श्रीनगरला उतरलो. इथे आम्ही चूक केली. ‘आलोच आहोत तर’ म्हणून दल सरोवरावर शिकाऱ्यात बसलो, मग निवांत जेवलो. शहरातून निघायला दीड वाजला. तंगमर्ग आलं तेव्हा सव्वातीन झाले होते. गाडीवाल्याने गाडी कडेला लावली आणि म्हणाला, “सर, इसके आगे चेन वाली गाडी जाएगी.”

आमच्या पॅकेजच्या कागदावर ‘हॉटेलपर्यंत खासगी गाडी’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ठाण्यातल्या ज्या एजंटकडून घेतलं त्याला मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, बर्फ पडला तर तसं होतं.” अहो, फेब्रुवारीत गुलमर्गला माणूस बर्फासाठीच जातो! बर्फात गाडी वर जात नाही हे तुम्हाला माहीत होतं, तर पैसे घेताना का नाही सांगितलं? मला अजून राग येतो. गाडीवाल्याचा काहीच दोष नव्हता. रस्त्यावर बर्फ असला की टायरला साखळ्या असलेली किंवा चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच वर सोडतात, आणि ते बरोबरच आहे.

चेनवाल्या गाडीचे एका बाजूचे ३,५०० मागितले, घासाघीस करून २,५०० वर आलो. सकाळी आलेल्या एका पुण्याच्या जोडप्याने १,५०० दिले होते, हे नंतर कळलं. उशीर झालेला, सामान रस्त्यावर काढलेलं, अशा माणसाला भाव करता येत नाही. गमबूट तिथेच भाड्याने घेतले. ते मात्र घ्याच, तुमचे ट्रेकिंगचे बूट कितीही चांगले असोत. गुडघ्याएवढ्या भुसभुशीत बर्फात वरून बर्फ आत शिरतो.

आता तो रस्ता. दुपारी उन्हाने वरचा बर्फ थोडा वितळतो, चाकांखाली दाबला जातो, आणि ऊन डोंगराआड गेलं की त्याचीच काच होते. चारनंतर रस्ता तसा झाला होता. एका वळणावर एक गाडी आडवी झाली आणि आमच्या मागेपुढे रांग लागली. दोन तास पंचवीस मिनिटं आम्ही एका जागी होतो. खिडकीबाहेर देवदार, त्यांच्यावर बर्फ, सगळं अतिशय सुंदर, आणि मी फोनला रेंज येते का ते बघत होते, कारण आईच्या संध्याकाळच्या फोनची वेळ टळून गेली होती. गाडी मध्येच चार बोटं मागे घसरायची. नवऱ्याने माझा हात धरून ठेवला होता आणि आम्ही दोघंही बोलत नव्हतो. कसारा घाट, माळशेज, पावसातला आंबोली, सगळीकडे आम्ही गाडी चालवली आहे. तसल्या अनुभवाचा इथे काही उपयोग नाही.

सात वाजता वर पोचलो, तर गाडी टॅक्सीस्टँडपर्यंतच. हॉटेल तिथून पाऊण किलोमीटर आणि तिथला रस्ता साफ केलेला नव्हता. अंधारात एक स्लेजवाला भेटला, ८०० रुपयांत सामान न्यायला तयार झाला. हॉटेलच्या दारात ते ८०० ‘एका बॅगेचे’ झाले. दोन बॅगांचे १,६०० दिले. चढावर बर्फातून लाकडी स्लेज ओढणं हे फार कष्टाचं काम आहे, त्याचे पैसे द्यायलाच हवेत. पण ‘सगळं सामान मिळून, हॉटेलच्या दारापर्यंत’ असं बोलून घ्या आणि मगच बॅग ठेवा.

आणि तो पाऊण किलोमीटर किरकोळ समजू नका. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि गुलमर्गचं गावच साधारण २,६५० मीटरवर. दर रविवारी येऊरला फिरायला जातो आम्ही, तरी त्या चालीत दम लागला. थर्मल, हातमोजे वगैरेंबद्दल सांगत बसत नाही, ते तुमच्याकडे असेलच.

हॉटेल ठरवताना खोलीतून काय दिसतं ते नंतर विचारा. आधी हे विचारा: बर्फ पडलेला असताना गाडी तुमच्या दारापर्यंत येते का? येत नसेल तर सामान कोण नेतं आणि किती घेतं? आमच्या हॉटेलने विचारल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितलं, “फोन केला असता तर माणूस पाठवला असता.”

त्या रात्री वीज गेली. खोलीत बुखारी, म्हणजे तिथली शेगडी, पेटवून दिली होती, इलेक्ट्रिक ब्लँकेट अर्थातच बंद. बाहेर बर्फ पडायला लागला. पावसाला आवाज असतो, याला अजिबात नसतो, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही एका रजईत बसून काहवा, म्हणजे काश्मिरी चहा, प्यायलो आणि १० वर्षांत बोललो नव्हतो इतकं बोललो. घाटातला सगळा त्रास त्यासाठी पुन्हा सोसेन.

शनिवार छान गेला. १९०२ सालचं सेंट मेरी चर्च बर्फात बघितलं, भटकलो, खाल्लं, झोपलो.

रविवारी गंडोला, म्हणजे तिथला रोपवे. तिकिटं नवऱ्याने तीन आठवडे आधी ऑनलाइन काढली होती, हे आमच्या हातून झालेलं एकमेव शहाणपण. दोन टप्पे आहेत: गुलमर्ग ते कोंगडोरी आणि तिथून अफरवट. दुसऱ्या टप्प्याची तिकिटं काढायलाच हवीत. फक्त पहिल्याची मिळत असतील तर तारीख बदला, असं माझं स्पष्ट मत आहे. वारा जोरात असला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, म्हणून परतीच्या दिवसाचं तिकीट काढू नका. खाली गाईड घ्याच म्हणून पाच-सहा जण मागे लागले. आम्ही कुणालाही न घेता गेलो, कुणी अडवलं नाही.

वर साधारण ३,९५० मीटर. हवा इतकी विरळ की दहा पावलं टाकून थांबावं लागतं. आभाळ निळंशार, चहूकडे पांढरं. तिथे रेंज होती. आईला व्हिडिओ कॉल लावला, मुलगी “बाबा, बर्फ खाऊन दाखव” म्हणाली, आणि त्याने खाल्ला. आई हसली. मला रडू आलं.

सोमवारी साडेनऊला खाली निघालो. तोच रस्ता, तीच वळणं, ४० मिनिटांत तंगमर्ग. भाडं १,५००, घासाघीस न करता. शनिवारी रात्री पुन्हा बर्फ पडला होता, तरीही. सकाळी यंत्राने रस्ता साफ केलेला असतो आणि रांग नसते, एवढाच फरक.

श्रीनगर विमानतळावर इमारतीच्या बरंच आधी, फाटकापाशी, सगळं सामान उतरवून तपासतात. आत गेल्यावर पुन्हा तपासणी. तीन तास हाताशी ठेवा. आणि रविवारी रात्रीचं परतीचं विमान काढून सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचा बेत करू नका. आमचं विमान हवेमुळे साडेतीन तास उशिरा सुटलं. डोंबिवलीला पोचलो तेव्हा मुलगी झोपली होती आणि आई जागी होती.