जबाबातील दोन क्रियापदे

गेली अनेक वर्षे मी कारखान्यांतील मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करतो. त्यांतील एका चौकशीचा दिवस मात्र मनातून जात नाही. बॉयलर विभागातील एका कामगारावर निष्काळजीपणाचा ठपका होता आणि त्याचा जबाब इंग्रजीत नेमका उतरला आहे का, हे पाहण्यासाठी चौकशी अधिकाऱ्यांनी मला बोलावले होते. “व्हॉल्व्ह बंद केल्याचं मला आठवतं. मग मी गेज बघायला थांबलो,” असे तो म्हणाला होता. इंग्रजी प्रतीत मात्र ‘आय रिमेंबर टू क्लोज द व्हॉल्व्ह. देन आय स्टॉप्ड लुकिंग ॲट द गेज’ अशी वाक्ये होती.

पहिल्या वाक्याने त्याची त्या दिवसाची साक्षच पुसली होती आणि दुसऱ्याने त्याच्या तोंडी न केलेल्या चुकीची कबुली घातली होती. ‘रिमेंबर’पुढे ‘टू’ आला की ‘व्हॉल्व्ह बंद करायला मी विसरत नाही’ असा सवयीचा अर्थ होतो. प्रत्यक्ष बंद केल्याची आठवण सांगायची तर ‘रिमेंबर क्लोजिंग’ हवे. ‘स्टॉप्ड लुकिंग’ म्हणजे बघणे सोडून दिले. बघण्यासाठी थांबला, तर ‘स्टॉप्ड टू लुक’. मराठीत ‘केल्याचे’ आणि ‘बघायला’ ही रूपेच हा भेद सांगतात, शिवाय ‘थांबणे’ आणि ‘थांबवणे’ वेगवेगळे असल्यामुळे घोटाळ्याला जागा उरत नाही. इंग्रजीत कोणत्या क्रियापदापुढे काय येते आणि त्याने अर्थ कसा पालटतो, हे एकेका क्रियापदागणिक शिकावे लागते. आपण ‘मला जायला सुचवले’ आणि ‘याबद्दल चर्चा केली’ म्हणतो, म्हणून ‘सजेस्टेड मी टू गो’ किंवा ‘डिस्कस्ड अबाउट’ आपल्या तोंडी येते. ते चुकीचे असले, तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. येथे वाक्ये व्याकरणाने निर्दोष होती, म्हणूनच ती वाचून कोणालाही शंका आली नव्हती.

अधिकाऱ्यांना प्रथम हे शब्दच्छल वाटले. मी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडून दोन्ही क्रियापदांखालील रचना त्यांच्यासमोर ठेवल्या. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना परभाषिकांची हीच अडचण ओळखली आणि १९४२ मध्ये टोकियोत निघालेल्या त्यांच्या शब्दकोशात क्रियापदांच्या रचना पद्धतशीर नोंदवल्या. माझ्या हातातील कोश त्याच परंपरेतला होता. अधिकाऱ्यांनी दोन्ही नोंदी उदाहरणांसह सावकाश वाचल्या आणि प्रत दुरुस्त करायला सांगितली.

दुपारी नवी प्रत तयार झाली. तिचा अर्थ मी त्या कामगाराला मराठीत वाक्यावाक्याने सांगितला. “हेच तर मी बोललो होतो,” असे म्हणून त्याने सही केली.