कपाशीचं औषध अन् ढेकणं

सकाळी बाज अंगणात आडवी करून सांध्यांत उकळतं पाणी ओतत होतो. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "अबे, कपाशीचं औषध हाये ना घरी? मार ना पंपानं, एका दिवसात साफ!"

हातातला पाण्याचा गंज (पातेलं) तसाच राहिला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करताना विषबाधेनं माणसं गेली. अन् इथं लेकरू झोपते त्या बंद खोलीत?

तालुक्याचा फवारणीवाला दोनदा यावं लागेल म्हणतो. अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात, आठ-दहा दिवसांत पुन्हा पिल्लं. पटलं. पैसे मात्र कापूस विकल्यावरच.

तोवर गंज अन् चूल. काका जरासे रुसलेच. तुमच्याकडे काय करता बाप्पा?