फेस्ताच्या दिवशी भिंतीच्या पोटात

जुनं चर्च तपासायचं तर भर पावसात. मे महिन्यात सगळ्याच भिंती गुणी दिसतात. म्हणून जुलै सरताना ओल मोजायचं यंत्र आणि विजेरी घेऊन गोव्यात तिसवाडीतल्या सांतान-तळावलीच्या चर्चमध्ये पोचलो, तर दारातच ही गर्दी! सेंट अ‍ॅनचं, म्हणजे मेरीच्या आईचं फेस्त, वार्षिक सण. जो तो तवसं, म्हणजे मोठी काकडी घेऊन आलेला. मूल हवं तर तवसं वाहायचं, नवरा हवा तर उडीद, बायको हवी तर चमचा. (चमच्याची मागणी कमी दिसली.)

शिडी लावायला जागा नव्हती. सोबतचे म्हातारे मेस्त, म्हणजे गवंडी, म्हणाले, मिस्सा (प्रार्थना) संपेपर्यंत भिंतीत जाऊन येऊ.

ते शब्दशः खरं होतं. इथल्या भिंती पोकळ आहेत, आतून माणूस चालू शकतो. पाद्रीपुढे कबुलीजबाबाला कुणाच्या नजरेस न पडता जाता यावं म्हणून, असं सांगतात. असेलही. मला मात्र त्यात गवंड्याची अक्कल जास्त दिसते. एवढ्या उंचीला भिंत जाड हवीच. मधे पोकळी ठेवली की दगड वाचतो आणि पावसाचा मारा बाहेरच्या थरावरच राहतो. मेस्तांनी माझा तळवा आतल्या बाजूला टेकवला, "हांगा हात लाय." पलीकडे धो धो पाऊस, हाताखाली कोरडा चुना. पलीकडून लोकांचं गाणं दगडातून झिरपल्यासारखं येत होतं.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर टणक होतो, पण असतो सच्छिद्रच. चुन्याचा गिलावा पावसाला बराचसा अडवतो आणि आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चचा बाहेरचा गिलावा 1950च्या दशकात उतरवला गेला. पर्यटकांना तो उघडा लाल दगड फार आवडतो. मला तो बघवत नाही, कारण दर पावसाळ्यात तो थोडा थोडा झिजतोय.

सांतानचं काम 1681मध्ये फ्रान्सिस्कू दु रेगु या धर्मगुरूंनी सुरू केलं, 1695मध्ये आंतोनियु फ्रान्सिस्कू दा कुन्या यांनी पुरं केलं. दर्शनी भाग मजल्यावर मजले चढवलेला, दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे. याचा थोरला नमुना म्हणजे जुन्या गोव्यातलं ऑगस्टिनियन साधूंचं चर्च. 1835मध्ये साधूंचे धर्मसंघ बंद झाले, चर्च ओस पडलं आणि 1842मध्ये त्याचं छत कोसळलं. आज 46 मीटरच्या मनोऱ्याचा एक तुकडा उभा आहे. ते मूळचं कसं दिसत असेल याचा अंदाज हवा असेल, तर अवशेषांत फिरण्यापेक्षा सांतानला यावं. इथे भिंतींना चुना देणारं गाव टिकलं, तिथे तेच उरलं नाही.

दुपारी गर्दी पांगल्यावर शिडी लागली. फेस्ताला आलेले एक गृहस्थ खालून विचारू लागले, वर्षावर्षाला चुना देण्यापेक्षा एकदाच दहा वर्षं टिकणारा प्लास्टिक पेंट का मारत नाही? मी शिडीवरूनच ओल, क्षार, जांभा असं सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली, तवसं काखेत धरलं आणि मेस्तांना म्हणाले, "माझ्या घराला तरी मारा तो पेंट, दर काय लावाल?"

मेस्तांनी चुन्याचा दर सांगितला.