साक्षांकन नमुन्यातला तो रकाना

सरकारी नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराला साक्षांकन नमुन्यात आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, हे लिहून द्यावे लागते, आणि अनेक तरुण नेमके तिथेच भीतीपोटी ‘नाही’ असे लिहितात. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितले की, तरुण वयात घोषणा देण्यासारखा किरकोळ गुन्हा घडला असेल, तर तो लपवल्याची चूकही नियोक्ता आपल्या अधिकारात माफ करू शकतो. मात्र उमेदवाराने सगळे खरे सांगितले, तरी त्याची पार्श्वभूमी तपासण्याचा नियोक्त्याचा हक्क शाबूत राहतो.

मला हा निकाल माणुसकीचा वाटतो, पण त्यातली दुसरी बाजू अस्वस्थ करते, कारण खरे बोलणाऱ्याला कसलीच हमी मिळत नाही. लाचखोरीत किंवा स्त्रीवरील अत्याचारात दोषी ठरलेल्याला पोलिसाची वर्दी देऊ नये, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु गावच्या भांडणात नाव गोवले गेलेल्या आणि पुढे निर्दोष सुटलेल्या मुलाला लिपिकाची जागा नाकारणे मला अन्यायाचे वाटते. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नुसता खटला प्रलंबित असल्याने कोणाची निवडणुकीतली उमेदवारी बाद होत नाही, मग शिपायाच्या जागेसाठी तेवढाच खटला आडवा का यावा? निदान नकाराची कारणे उमेदवाराला लेखी मिळावीत आणि त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले जावे.