घरात जनावर आहे का?

तापाचा सातवा दिवस. मलेरिया नाही, डेंगी नाही, ब्लड कल्चरमध्ये कुठलाही जिवाणू उगवलेला नाही. प्लेटलेट्स ७२ हजारांवर आलेल्या. चाळिशीतल्या या बाई आमच्या वॉर्डात येण्याआधीच चार दिवस सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक घेऊन झालं होतं, पण ताप हटायला तयार नव्हता.

भरती करताना मी रीतसर विचारलं होतं, "घरात जनावर आहे का?" "नाही." तसं केसपेपरवर लिहून मी मोकळा झालो होतो.

राउंडला गेलो तर बाई फोनवर मुलाला विचारत होत्या, "ब्रुनोला फिरवून आणलंस का?"

"ब्रुनो कोण?"

"आमचा कुत्रा."

"मग जनावर नाही म्हणालात ते?"

"अहो, तो काय जनावर आहे का!"

बरोबरच होतं त्यांचं. प्रश्न माझाच चुकला होता.

"गोचीड होतात त्याला?"

"होतात की. मीच काढते." आणि कसे मारते तेही दाखवलं, दोन्ही अंगठ्यांची नखं एकमेकांवर दाबून. त्यासाठी हात पुढे आले आणि तळव्यांवरचे लालसर ठिपके दिसले. तळव्यांवर पुरळ आणणारे ताप मोजकेच. सिस्टरांनी पाय तपासले, तर गुडघ्याच्या मागे चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडा. बाईंना तिचा पत्ताच नव्हता. गोचीड चावताना दुखत नाही आणि ही खपलीही सहसा दुखत नाही.

रिकेट्सिया! गोचिडाच्या चाव्यातून येणारा हा जिवाणू पेशीच्या आत शिरूनच वाढतो, तोही रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. वाहिन्या पाझरू लागतात, पुरळ येतं, प्लेटलेट्स उतरतात. मेंदू आणि फुप्फुसांपर्यंत प्रकरण गेलं तर जिवावर बेततं. सेफ्ट्रिअॅक्सोनला तो दाद देत नाही. डॉक्सीसायक्लीन मात्र लागू पडतं.

रिकेट्सियासाठीची वाइल-फेलिक्स ही रक्ततपासणी पाठवली. ती १९१६ सालची, आणि शोधते कशाला, तर प्रोटियस नावाच्या भलत्याच जिवाणूशी जुळणाऱ्या प्रतिपिंडांना! ही प्रतिपिंडं दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात, म्हणून रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सी सुरू केलं, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. रिपोर्ट निगेटिव्ह आला. "मग बंद करायचं का?" ज्युनियरने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली खरी, पण त्या रात्री दोनदा चार्ट बघून आलो. दीड दिवसात ताप उतरला. आठवड्याने तीच तपासणी पॉझिटिव्ह आली.

घरी जाताना बाईंना बजावलं: गोचीड नखांनी ठेचायचा नाही, त्याच्यातला द्रव बोटांवरच्या ओरखड्यांतून आत जातो. रॉकेल नको, काडीचा चटकाही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा.

"आणि ठेचायचा नाही तर करायचं काय त्याचं?"

"स्पिरिटमध्ये टाका."

पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा पर्समधून औषधाची छोटी बाटली निघाली. तळाशी तीन गोचीड. टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मोजून घ्या, एकही ठेचला नाही."