आठ जीबी रॅम आणि दोन जीबीची वेस

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी पूर्वी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला होता. ऐन हंगामात, सौद्यांच्या पट्ट्यांची स्कॅन केलेली चित्रे एकदम उघडताना तो ‘मेमरी अपुरी’ म्हणून बंद पडू लागला. मालकांनी माझ्याच सांगण्यावरून ४ जीबीची रॅम ८ जीबी केली, तरी प्रोग्रॅम पूर्वीच्याच जागी कोलमडला. तो खर्च माझ्या अज्ञानाचा होता.

प्रोग्रॅम ३२ बिटचा होता. त्यात पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, ४ बाइटचा असतो आणि त्यात ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते मावतात. प्रत्येक पत्त्यावर एक बाइट धरला तर ही हद्द ४ जीबीवर संपते, मग रॅम कितीही असो. त्यातही विंडोजवर अशा प्रोग्रॅमच्या वाट्याला एरवी खालचा अर्धा भाग, म्हणजे २ जीबीच येतो. पण टास्क मॅनेजर तर जेमतेम ७०० एमबी वापर दाखवत होता! माझा अ‍ॅरे (एकाच सलग जागेत ठेवलेली माहितीची रांग) भरला की दुप्पट आकाराची नवी सलग जागा मागत असे आणि मजकूर तिकडे हलवेपर्यंत जुनी जागाही अडवून ठेवत असे. मधेमधे डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाइली) येऊन बसल्यामुळे एवढा सलग पट्टा पत्त्यांच्या त्या २ जीबीत कुठेच शिल्लक नव्हता.

प्रोग्रॅम ६४ बिटसाठी पुन्हा कंपाइल केल्यावर, म्हणजे यंत्रभाषेत उतरवल्यावर, ही अडचण संपली. इंटेल-एएमडीच्या बहुतेक ६४ बिट यंत्रांवर पॉइंटर ६४ बिटचा असला तरी पत्त्यासाठी त्यांतले ४८ बिटच वापरले जातात, म्हणजे २५६ टीबी, आणि त्यांपैकी निम्मे प्रोग्रॅमला. अडत दुकानाला एवढे पुष्कळ झाले.

मात्र मेमरीचा वापर वाढला. पोत्यांच्या यादीतील प्रत्येक नोंदीत लॉट क्रमांक ४ बाइट, पोत्यांची संख्या ४ बाइट आणि मागच्या-पुढच्या नोंदींकडे नेणारे दोन पॉइंटर होते. ती १६ बाइटची नोंद आता २४ बाइटची झाली. माहिती तेवढीच, फक्त पत्ते लांबले. शेवटी मी पॉइंटर काढून सर्व नोंदी एका अ‍ॅरेत ठेवल्या आणि दुव्यांच्या जागी ४ बाइटचे अनुक्रमांक लिहिले. नोंद पुन्हा १६ बाइटवर आली, आणि अनुक्रमांक बाइट नव्हे तर नोंदी मोजत असल्यामुळे यादीची मर्यादा ४ अब्ज नोंदींच्याही पुढे गेली.